गोड्या पाण्यातलं पाकट घरी पाळताना : वाचकांचे प्रश्न

स्टिंग रेला आपल्या किनाऱ्यावर पाकट म्हणतात. प्रश्नांत बहुतेकांनी इंग्रजी नाव वापरलं आहे, उत्तरांत आम्ही पाकटच म्हटलं आहे. त्याच्या गोल, चपट्या अंगाला चकती म्हणू. मापं चकतीच्या रुंदीची आहेत, शेपूट त्यात धरलेलं नाही. टँकची मापं मात्र फुटांत दिली आहेत, कारण काचवाला त्याच भाषेत बोलतो.

प्रश्न : दुकानात बशीएवढं 'टीकप स्टिंग रे' पाहिलं. दुकानदार सांगतो की ते एवढंच राहतं. माझ्या ३ फुटी टँकमध्ये १२ टेट्रा आणि एक सकर आहे. त्यात चालेल का? (ठाणे)

नाही चालणार. 'टीकप' नावाची जात नाही, ते पिल्लाचं वय आहे. या नावाखाली बहुधा मोटोरो किंवा जाळीदार नक्षीच्या एखाद्या जातीचं ८-१० सेंमीचं पिल्लू विकलं जातं. मोटोरो म्हणजे पोटॅमोट्रायगॉन मोटोरो. अ‍ॅमेझॉन, ओरिनोको आणि पराना-पॅराग्वे या नद्यांच्या खोऱ्यांत ते सापडतं. नीट खाऊ घातलं तर वर्षभरात दुप्पट-तिप्पट होतं आणि घरच्या टँकमध्ये ४५-५० सेंमीपर्यंत जातं. मादी नराहून मोठी होते. या कुळातली त्यातल्या त्यात लहान जात रिओ नेग्रो नदीतली वॅलेसाय. पण तीसुद्धा बशीएवढी राहत नाही आणि दुकानात 'टीकप' म्हणून दिसतं ते सहसा ती नसते.

पाकटाला उंचीचा फारसा उपयोग नाही, त्याला तळ लागतो. टँकची रुंदी, म्हणजे पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंतचं अंतर, पूर्ण वाढलेल्या चकतीच्या दीडपट तरी हवी, नाहीतर त्याला वळता येत नाही. ५० सेंमीच्या मोटोरोला ६ फूट लांब आणि ३ फूट रुंद टँक म्हणजे किमान. ३ फुटी टँकची रुंदी सव्वा ते दीड फूट असते. त्यात पिल्लू चार-सहा महिने निघेल, पण तेवढ्यात मोठा टँक उभा राहून पाणी तयार झालेलं असेल तरच. 'आधी पिल्लू आणू, टँकचं मग बघू' म्हणणाऱ्यांचं ते मग सहसा येत नाही, असा आमचा अनुभव आहे.

टेट्रा त्याचं रात्रीचं जेवण होतील. सकर हा काचेला चिकटून राहणारा मासा, त्याचा धोका उलट आहे. तो रात्री पाकटाच्या पाठीवर बसून चिकट थर खरवडून खातो. जखम होते, तिला बुरशी लागते. सकर आणि पाकट एकत्र ठेवू नयेत, कोणी कितीही 'माझ्याकडे चालतंय' म्हणो.

प्रश्न : आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. ६×३×२ फुटांचा टँक स्लॅबला झेपेल का? (पुणे)

आकडे मांडून बघू. ६×३×२ म्हणजे ३६ घनफूट, साधारण १,०२० लिटर. पाण्याचं वजन तेवढेच किलो. १२ मिमी काचेचं वजन दीडशे किलोच्या आसपास. लोखंडी स्टँड ८० ते १००. खालच्या संपमध्ये, म्हणजे फिल्टरच्या टाकीत, आणखी दीडशे लिटर पाणी. एकूण १,४०० किलोच्या पुढे. हे सगळं १.६७ चौरस मीटरवर उभं राहणार, म्हणजे दर चौरस मीटरला साडेआठशे किलोच्या घरात. आयएस ८७५ या भारतीय मानकात राहत्या खोल्यांसाठी धरलेला भार दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो आहे.

याचा अर्थ स्लॅब उद्या कोसळेल असा नाही. मानकातला आकडा अख्ख्या खोलीवर पसरलेल्या भाराचा आहे. तुळईला लागून, स्तंभाजवळ ठेवलेला टँक आणि स्लॅबच्या मधोमध ठेवलेला टँक यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण तुळई कुठून जाते आणि सळई किती आहे हे घरात बसून कळत नाही. इमारतीचे नकाशे घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. सोसायटीची परवानगीही तेव्हाच मागा.

भार कमी करायचा असेल तर पाणी दीड फूटच भरा. सुमारे २५० किलो वाचतात आणि पाकटाला काही फरक पडत नाही. मात्र पाणी कमी म्हणजे घाण लवकर साठणार, ते पाणी बदलून भरून काढावं लागतं. तळमजला किंवा अंगण असेल तर काचेचा हट्ट सोडून विटांचं किंवा फायबरचं ८×४ फुटांचं टाकं बांधा. वरून पाहिलेलं पाकट काचेतून पाहिलेल्यापेक्षा देखणं दिसतं.

प्रश्न : फिल्टर कोणता घ्यावा, हीटर कुठे लावावा, तळाला वाळू कोणती? दोन दुकानांत दोन वेगळी उत्तरं मिळाली. (नाशिक)

पाकट मांसाहारी आहे, भरपूर खातं आणि अमोनियाही तेवढाच सोडतं. वर लटकवायचा फिल्टर किंवा एकच कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याचा फिल्टर, पुरणार नाही. टँकखाली संप बांधा. हजार लिटरच्या टँकला ४×१½×१½ फुटांचा संप ठीक. पाणी आधी घाण गाळणाऱ्या फ्लॉस किंवा सॉकमधून, मग जिवाणू ज्यावर वाढतात त्या माध्यमातून, शेवटी मोटरकडे. के-१ सारखं फिरतं माध्यम, म्हणजे पाण्यात गरगरणारे प्लास्टिकचे तुकडे, ३०-४० लिटर ठेवून खाली हवेचा जोरदार दगड लावा. फ्लॉस दर दोन-तीन दिवसांनी धुवायचा, माध्यम मात्र कधीही नळाच्या पाण्यात धुवायचं नाही, क्लोरीनने जिवाणू मरतात.

मोटर एक मोठी घेण्यापेक्षा ताशी ३,०००-४,००० लिटरच्या दोन घ्या. एक बंद पडली तर दुसरी रात्र काढते. खोक्यावरचा आकडा पाणी वर चढवायच्या आधीचा असतो. चार फूट उंची आणि पाइपाचे दोन कोपर आले की तो बराच घसरतो, तेव्हा जरा वरची मोटर पाहा.

वीज गेल्यावर हॉलमध्ये पाणी साचल्याच्या तक्रारी येतात. कारण सोपं आहे. मोटर थांबली की ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी खाली सोडणाऱ्या नळीच्या, पातळीपर्यंतचं पाणी खाली येतं. ६×३ च्या टँकमध्ये पातळी ३ सेंमी उतरली तरी ५० लिटर होतात. संपमध्ये चालू स्थितीत ६०-७० लिटरची जागा मोकळी ठेवा आणि वर येणाऱ्या पाइपाला पाण्याच्या पृष्ठभागालगत एक छोटं भोक पाडा, म्हणजे पाइपातून पाणी उलटं खेचलं जात नाही. मग मेन स्विच बंद करून स्वतः तपासा, वीज जाण्याची वाट पाहू नका.

हीटर टँकमध्ये नको, संपमध्येच. पाकटाला गरम काचेवर पडून राहण्यातला धोका कळत नाही, पोटाखालची कातडी भाजते. टँकमधल्या प्रत्येक नळीच्या तोंडाला रुंद जाळी हवी. पिल्लाची कड ओढली गेली तर ती सुटत नाही. तळाखालचा, म्हणजे अंडरग्रॅव्हल फिल्टर विसरा. पाकट वाळू उकरतं आणि फिल्टरच्या प्लेटा दोन दिवसांत उघड्या पडतात.

वाळू गोल कणांची, १ मिमीच्या आतली, एक ते दोन सेंमी थर. त्याहून जाड थरात खाली घाण कुजते. बांधकामाची एम-सँड म्हणजे फोडलेला दगड, तिच्या धारेने पोट सोलून निघतं. किनाऱ्यावरून आणलेल्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तो पाणी जड करतो. शंका असेल तर चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका, बुडबुडे आले की वाळू परत. काहीजण तळ उघडाच ठेवतात. साफसफाईला ते सोयीचं आहे, पण वाळूत अंग पुरून घेणं ही पाकटाची सवय आहे आणि आम्ही पातळ थराच्या बाजूचे आहोत.

आता मासा आणण्याआधीचं काम : अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढवणं. पाणी २८ अंशांवर ठेवून सगळं यंत्र चालू करा आणि हजार लिटरला ६ ग्रॅम अमोनियम क्लोराइड टाका, अमोनिया सुमारे २ मिलिग्रॅम प्रति लिटर होतो. हा आपला नवसागरच, पण कल्हईवाल्याकडचा नको, त्यात काय मिसळलेलं आहे सांगता येत नाही. रसायनांच्या दुकानातला शुद्ध घ्या. दोन-तीन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट मोजत राहा. अमोनिया संपला की पुन्हा ६ ग्रॅम. आज टाकलेला डोस २४ तासांत संपून अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य येईल, त्या दिवशी टँक तयार. चार ते सहा आठवडे धरा. शेवटी निम्मं-अधिक पाणी बदलून साठलेलं नायट्रेट काढा आणि मगच दुकानाकडे वळा.

प्रश्न : पाच आठवडे पाणीटंचाईमुळे पाणी बदलता आलं नाही. आज सकाळी मोटोरोच्या चकतीच्या कडा वर वळलेल्या दिसल्या, ते खात नाही. पीएच ५.४, अमोनिया ३ आला. एकाने खायचा सोडा टाकायला सांगितलं आहे. टाकू का? (सांगली)

आज टाकू नका. कडा वर वळणं ही शेवटच्या पायरीची खूण असते, बहुतेक वेळा पाण्याच्या दोषाची. पण सोड्याने तुम्ही ती पायरी ओलांडाल.

काय झालं ते आधी पाहू. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा पाण्याची क्षारता, म्हणजे पीएच सावरून धरण्याची ताकद, वापरली जाते. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. पाणी बदललं की ती परत मिळते, नाही बदललं की संपते. केएच, म्हणजे या क्षारतेचं माप, शून्याजवळ आला की पीएच धाडकन खाली येतो. पीएच ६ च्या खाली जिवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साठू लागतो. तुमच्या टँकमध्ये ही दोन्ही टोकं गाठली गेली आहेत.

तरीही मासा जिवंत का? अमोनियाचे पाण्यात दोन अवतार असतात. आम्लधर्मी पाण्यात जवळजवळ सगळा अमोनियम असतो, तो फारसा विषारी नाही. पीएच चढला की त्याचा विषारी वायुरूप अमोनिया होतो. २८ अंशांना, तुमच्या ३ मिलिग्रॅममधला विषारी भाग पीएच ५.४ ला ०.००१ हूनही कमी आहे. पीएच ८ ला तोच ०.२ च्या आसपास जातो. मूठभर सोडा टाकल्यावर पीएच नेमका तिथे पोचतो. सोडा टाकून तासाभरात मासा गेल्याचं ऐकलं असेल तर कारण हे.

म्हणून क्रम असा ठेवा. खाणं पूर्ण बंद. हवेचे दगड वाढवा. क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं पाणी आणून दर तीन तासांनी दहा टक्के बदला, पहिल्या दिवशी एकूण तीस-चाळीस टक्क्यांवर जाऊ नका. दर बदलानंतर पीएच मोजा. दिवसात अर्ध्या-पाऊण अंकापेक्षा जास्त चढत असेल तर थांबा. अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर मिळत असेल तर पहिल्या बदलाआधीच टाका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हेच पुन्हा.

अमोनिया ०.५ च्या खाली आला की सोड्याची पाळी. हजार लिटरला ३० ग्रॅम खायचा सोडा केएच १ अंशाने वाढवतो. बादलीत विरघळवून संपमध्ये हळूहळू ओता, दिवसाला एकच अंश, केएच ४ होईपर्यंत. बेकिंग पावडर नव्हे, सोडा. पुढे संपमध्ये जाळीच्या पिशवीत अर्धा किलो पोवळ्याचा चुरा ठेवलात तर तो सावकाश विरघळत राहतो.

मुंबई-पुण्याचं धरणाचं पाणी मृदू असल्याने तिथल्यांना हा धोका जास्त. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना सहसा नसतो, त्यांची अडचण नायट्रेटची. शेतांमधल्या बोअरला मूळचंच नायट्रेट असतं, ते आधी मोजा.

नेहमीसाठी आठवड्यातून दोनदा ३० ते ४० टक्के पाणी बदलायचं. टंचाईचा भाग असेल तर ५०० लिटरची टाकी फक्त यासाठी भरून ठेवा, आणि पाणी नाही त्या आठवड्यात खाणं निम्मं करा. पाकट उपाशी आठ दिवस काढील, अमोनियात दोन दिवस नाही.

प्रश्न : क्लोरीन काढायला थायोसल्फेटचे खडे किती टाकायचे? (पिंपरी)

क्लोरीनच्या सातपट. नळाला १ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन असेल तर ४०० लिटरला सुमारे ३ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की पालिका क्लोरीन वाढवते, तेव्हा स्वस्तातलं क्लोरीन किट ठेवा आणि मोजूनच टाका. त्याच दिवसांत तुरटीमुळे पीएचही थोडा उतरलेला असतो, तोही पाहा.

प्रश्न : नागपुरात मे महिन्यात टँकचं पाणी ३३ अंशांवर जातं. बर्फाच्या बाटल्या सोडल्या तर? (नागपूर)

पाकटाला २५ ते २८ बरं, ३० पर्यंत निभावतं. वर जाईल तसा दुहेरी मार बसतो. पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, २५ अंशांना लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम तर ३० ला साडेसात, आणि माशाची गरज मात्र वाढलेली असते. डोळ्यांमागच्या श्वासरंध्रांची उघडझाप जोरात दिसू लागते ती यामुळे.

बर्फाचा हिशेब निराशाजनक आहे. हजार लिटर पाणी एक अंशाने उतरवायला नऊ किलोहून अधिक बर्फ लागतो. पाच अंशांना जवळजवळ अर्धा क्विंटल, आणि संध्याकाळपर्यंत पाणी पुन्हा जिथल्या तिथे. बर्फ हा वीज गेल्यावरचा तात्पुरता उपाय आहे.

विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात पंखा उत्तम काम करतो. संपच्या उघड्या तोंडावर आणि टँकच्या पृष्ठभागावर तिरपा वारा सोडा, बाष्पीभवनाने तीन-चार अंश सहज उतरतात. रोज वीस-पंचवीस लिटर पाणी उडेल, ते भरत राहा. कोकणात आणि मुंबईत हीच युक्ती दमट हवेमुळे लंगडी पडते. तिथे एसी खोली किंवा चिलर याला पर्याय नाही.

वीजपुरवठ्याचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टरवर एक मोटर आणि एक एअरपंप ठेवा, बाकी काही नाही. फिल्टरमधलं पाणी चार-पाच तास थांबलं तर आतले जिवाणू गुदमरून मरतात. अशा वेळी वीज आल्यावर पाणी थेट टँकमध्ये सोडू नका, संपमधलं पहिलं पाणी काढून टाका.

प्रश्न : पिल्लू गोळ्या खात नाही म्हणून जिवंत गोल्डफिश देतो. तरी शेपटीच्या मुळाशी दोन उंचवटे दिसू लागले आहेत. (कोल्हापूर)

ते उंचवटे म्हणजे कटीचं हाड. तिथलं मांस झडलं आहे, पिल्लू उपाशी आहे. मधली पाठ डोळ्यांच्या रेषेखाली खोल गेली तर परतीची वाट अवघड होते, म्हणून आजपासून दिवसातून तीनदा द्या.

गोल्डफिश थांबवा. त्यांच्या अंगात थायमिनेज असतं, ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करतं, आणि दुकानातल्या खाद्य-माशांबरोबर परजीवी हमखास येतात. पिल्लाला गांडुळासारखं दुसरं काही नाही. पण गांडूळखताच्या खड्ड्यातली लाल पट्टेदार गांडुळं, आयसेनिया, पिवळा कडवट द्रव सोडतात आणि मासे ती थुंकतात. आपल्याकडे खतासाठी युड्रिलस ही मोठी आफ्रिकन जातही पाळतात, ती घ्या. ओल्या कागदात एक दिवस ठेवून पोट रिकामं होऊ द्या, धुवा, सेंटिमीटरभर तुकडे करा. फवारणी झालेल्या शेतातली नकोत. जोडीला गोठवलेले ब्लडवर्म. गटारातून गोळा केलेल्या ट्युबिफेक्स किड्यांना हात लावू नका.

पिल्लू भरलं की सोललेली कोळंबी, मग त्याच तुकड्यात बुडणारी गोळी दाबून द्या. तीन-चार आठवड्यांत गोळी ओळखीची होते. मोठ्याला दिवसातून एकदा पुरे. नुसत्या बासाच्या फिलेटवर कोणतंही पाकट धड राहत नाही. बाजारची मासळी खात्रीच्या माणसाकडून घ्या. फॉर्मेलिनच्या संशयावरून गोव्याने २०१८ च्या जुलैमध्ये बाहेरच्या मासळीची आवक काही दिवस थांबवली होती, ते अनेकांना आठवत असेल.

विकत घेतानाच पिल्लू आपल्यासमोर खाऊन दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. काचेवर चढेल तेव्हा पोट पाहा. ते पांढरं हवं, लाल चट्टे नकोत.

प्रश्न : खाडीत जाळ्यात छोटी पाकटं येतात. ती हळूहळू गोड्या पाण्याला सरावतील का? (मालवण)

नाही. समुद्रातली पाकटं आणि मुशी रक्तात भरपूर युरिया साठवतात आणि त्यावर खाऱ्या पाण्याशी तोल सांभाळतात. त्यांतली काही खाडीच्या मचूळ पाण्यात फिरतात, पण घरच्या मृदू पाण्यात त्यांना कायम ठेवता येत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या पोटॅमोट्रायगॉन कुळाची गोष्ट उलटी. लाखो वर्षं नद्यांत राहून त्यांनी युरिया साठवणं सोडलं, १९६७ मध्ये थॉर्सन आणि सहकाऱ्यांनी ते रक्त तपासून दाखवलं. ही पाकटं समुद्राच्या पाण्यात टिकत नाहीत.

त्यातून पाळणाऱ्यांनी घ्यायचा बोध औषधांचा आहे. इतर माशांना सर्रास देतात ते मीठ पाकटाला जपूनच. तांबं, फॉर्मेलिन, मॅलॅकाइट ग्रीन असलेली औषधं तर टाकूच नका. चकतीवर इतर माशांसारखे खवले नाहीत, औषध सरळ आत जातं. नवीन मासा आधी वेगळ्या टँकमध्ये चार आठवडे ठेवणं हाच खरा बचाव.

आणि एक, हिमान्तुरा फ्लुविॲटिलिस हे गंगेतलं पाकट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे. जाळ्यात आलेलं प्रत्येक पाकट 'साधंच' नसतं.

प्रश्न : टँक साफ करताना काटा लागला तर काय करायचं? काटा आधीच कापून टाकला तर? (छत्रपती संभाजीनगर)

कापू नका. शेपटीवरचा हा विषारी काटा थोड्या महिन्यांनी आपोआप गळतो आणि त्याखाली नवा आलेलाच असतो. कधीकधी एकाच वेळी दोन असतात.

पाकट हल्ला करत नाही. हात त्याच्या अंगावर पडला किंवा ते कोपऱ्यात दाबलं गेलं की शेपूट फिरतं. हात घालण्याआधी ते कुठे आहे ते पाहा, वाळूत पुरलेलं असतं. मधे जाड अ‍ॅक्रिलिकचा पडदा घालून एका बाजूला ठेवा, मग दुसरी साफ करा. हलवताना जाळी वापरू नका. काट्याचे दाते जाळीत अडकतात आणि तुम्ही सोडवायला जाता तेव्हाच लागतो. रुंद घमेलं पाण्यात बुडवून पाकटाला त्यात सरकवा आणि पाण्यासकट उचला. पिशवीतून नेताना काट्यावर एअरपंपच्या नळीचा तुकडा चढवतात आणि पिशव्या दोन घेतात.

लागलंच तर जखम धुवा, रक्त फार येत असेल तर दाबून धरा, आणि हात किंवा पाय ४३ ते ४५ अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवा. विष प्रथिनाचं आहे, उष्णतेने त्याचा जोर मोडतो. पाणी दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने तपासा, दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही. आवळपट्टी बांधणं, चीर देणं, चोखणं यातलं काही नको. वेदना थांबली तरी डॉक्टरकडे जायचंच. दात्याचा तुकडा आत राहतो, तो एक्स-रे किंवा सोनोग्राफीत शोधावा लागतो. धनुर्वाताची लस लागते. गोड्या पाण्यातल्या पाकटाच्या जखमेत मांस सडण्याचं आणि जंतुसंसर्गाचं प्रमाण जास्त असतं, 'टँकच्या माशाचा काटा' एवढंच न सांगता हेही डॉक्टरांना सांगा. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर उपटू नका, तसंच रुग्णालयात न्या.

प्रश्न : ब्लॅक डायमंड पाळायला परवाना लागतो का? (मुंबई)

ब्लॅक डायमंड म्हणजे लिओपोल्डी, ब्राझीलच्या झिंगू नदीतलं काळ्यावर पांढरे ठिपके असलेलं पाकट. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पनामात झालेल्या साइट्स, म्हणजे वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिषदेत हेन्ली, जबुती, वॅलेसाय या जातींसह ते त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आलं. मोटोरो कोलंबियाच्या मागणीवरून तिसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्याकडे वन्यजीव कायद्यातली २०२२ ची सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. चौथ्या अनुसूचीतल्या, म्हणजे साइट्सच्या याद्यांतल्या, जिवंत प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, त्याचे नियम २०२४ मध्ये आले. जन्म, मृत्यू आणि विक्रीही कळवायची असते. याद्या बदलतात, म्हणून खरेदीच्या दिवशी वन विभागाकडे त्या जातीचं नाव घेऊन विचारा आणि विक्रेत्याकडून आयातीचे किंवा प्रजननाचे कागद मागा. 'कागदाची गरज नाही' म्हणणारा विक्रेता सोडून द्यावा. संकरित पिल्लांचं वर्णन बिलावर नेमकं लिहून घ्या.

प्रश्न : बदली झाली, मासा कोणी घेत नाही. जवळच्या तलावात सोडला तर जगेल ना? (सोलापूर)

जगला तर जास्त वाईट. सिंगापूरच्या अप्पर सेलेटार जलाशयात मोटोरो असेच पोचले आणि तिथे त्यांची वीण झाली. केरळात २०१८ च्या पुरानंतर नदीत अरापायमा हा दक्षिण अमेरिकेतला प्रचंड मासा सापडला, तोही पाळलेलाच. आपल्या तलावांत माणसं अनवाणी उतरतात, गुरं उतरतात, भोई जाळं ओढतात. त्या पायांखाली काटा यायला नको. मत्स्यालयाला, मोठ्या हौशी पाळणाऱ्याला किंवा ज्याच्याकडून घेतला त्यालाच विचारा, फुकट देण्याची तयारी ठेवा, आणि नोंद केलेली जात असेल तर हस्तांतरणही पोर्टलवर नोंदवा.

प्रश्न : नर-मादी कसे ओळखायचे? जोडी एकत्र ठेवली तर पिल्लं होतील? (बेळगाव)

नराच्या शेपटीच्या मुळाशी, मागच्या परांच्या आतल्या बाजूला बोटांसारखे दोन अवयव असतात. पिल्लातही दिसतात, फक्त बारीक. अंडी नाहीत, पिल्लंच होतात. गर्भाशयात आईच्या दुधासारख्या स्रावावर ती वाढतात आणि जन्मतः ८-१० सेंमीची, काट्यासकट असतात. जोडीसाठी ६×३ चा टँक अपुरा आहे. नर मादीच्या चकतीची कड चावून धरतो, आणि तिला पळायला जागा नसेल तर चावे बरे व्हायच्या आत पुन्हा होतात. म्हणून दोन मादींमागे एक नर ठेवतात, आणि चाव्यांच्या खुणा वाढल्या की मधे जाळीचा पडदा घालून नराला महिनाभर वेगळं काढतात.